विषय : तीन वेळा पैसे घेऊनही गाडीची हवा ओढणं बंद झालं नाही, वरून माझ्या बाबांचा अपमान केला

मॅनेजर साहेब,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलो. दुचाकी तुमचीच आहे, 2002 च्या दसऱ्याला नागपुरात घेतलेली, बाबांच्या नावावर. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत रीतसर पासिंग केलं, टॅक्स भरला. म्हणजे ती भंगार नाही.

मार्चपासून त्रास सुरू झाला. थ्रॉटल सोडला तरी रेस खाली येत नाही, व्हेरायटी चौकाच्या सिग्नलवर उभं राहिलं की इंजिन ओरडत राहते आणि लोक वळून बघतात, उतारावर सायलेन्सरमधून फटफट होते. चोक अर्धा ओढला की मात्र गाडी शहाण्यासारखी चालते. प्लग काढला तर पांढराफटक. आता कार्बोरेटरची गाडी बनवणाऱ्या कंपनीला याचा अर्थ मी सांगायचा का? कार्बोरेटरच्या पुढे कुठून तरी फालतू हवा आत जाते, पेट्रोल कमी पडते, चोकनं पेट्रोल वाढलं की तेवढ्यापुरतं जमते. इतकं साधं आहे.

तुमच्या सर्व्हिस सेंटरनं तीन वेळा कार्बोरेटर साफ केला आणि तीन वेळा बिल लावलं. रेस खाली आणायला फक्त आयडलिंगचा स्क्रू सैल केला, त्यामुळे सकाळी थंड गाडी बंद पडायची आणि दुपारी गरम झाली की पुन्हा तेच. इनलेटच्या रबराला, म्हणजे कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या रबराला, तीनपैकी एकदाही कोणी हात लावला नाही! शेवटी आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीभाऊनं गाडी सुरू ठेवून इस्त्रीवाल्याच्या बाटलीनं रबराच्या जोडावर पाणी मारलं, तं पाणी पडलं तशी रेस खाली आली. पाच मिनिटं लागली. रबर खोलून वाकवलं तर आतून बारीक चिरा, जोडातून हवा जाऊ नये म्हणून असते ती ओ-रिंग चपटी होऊन कडक झालेली. नागपूरच्या उन्हात, 45 डिग्रीत, इंजिनाला चिकटलेलं रबर वीस वर्षांनी तडकणारच, त्याचा राग नाही. राग याचा आहे की पाहिलंच नाही.

मग तुमच्याच काउंटरवर रबर मागवलं. पहिल्यांदा आलं ते दुसऱ्या मॉडेलचं, बोल्टची भोकंच जुळत नव्हती. दुसऱ्यांदा आलं त्याला ओ-रिंगची खाचच नाही. पॅकेटवर दोन्ही वेळा पार्ट नंबर बरोबर!

म्हणून आज फोन केला. बाबा बाजूलाच बसले होते, त्यांना ऐकू कमी येते म्हणून स्पीकर लावला होता. मी रबराचं सांगून राहिलो तं तुमचा माणूस मधेच म्हणे, सर गाडीचं वय झालं आहे. मी म्हटलं, वयाचं सोडा, बरोबर रबर कधी देता ते सांगा. तो म्हणे, "सर, घरातलं म्हातारं माणूस खोकतेच नं, त्याला आपण नवीन पार्ट लावतो का? एक्सचेंजमध्ये देऊन टाका." आणि मागून कोणीतरी हसलं. मी गप्प झालो. बाबा 74 वर्षांचे आहेत, याच गाडीवर मला कॉलेजात सोडून द्यायचे. ते उठले आणि आत गेले. काहीच बोलले नाहीत. तुमच्या माणसाला मी नंतर ओरडलो, पण बाबा आत गेले ते गेलेच.

कॉल तुम्ही रेकॉर्ड करता असं सुरुवातीला सांगता नं, तं काढा आणि स्वतः ऐका.

पेट्रोल कमी आणि हवा जास्त अशी गाडी चालवली तर इंजिन तापते, पिस्टन जाम होऊ शकतो. वर्धा रोडवर ट्रकच्या पुढे असं झालं तर जबाबदारी कोणाची? आणि रबर तीनदा पाहिलं नाही हे मी पुन्हा लिहितो, कारण तुमच्या एकाही बिलावर त्याचा उल्लेख नाही.

मला बरोबर रबर पाहिजे, ओ-रिंगसकट. कार्बोरेटर सफाईची तिन्ही बिलं परत पाहिजे. आणि त्या माणसानं नाही, तुम्ही स्वतः बाबांना फोन करून माफी मागायची. 8 दिवस थांबतो. त्यानंतर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वकील न लावताही जाता येते, मी तुम्हाला मोजलेले पैसे 5 लाखांच्या आतले आहेत म्हणजे फीसुद्धा नाही. तिन्ही बिलं, दोन्ही चुकीचे रबर आणि ते तडकलेलं जुनं रबर मी जपून ठेवलं आहे.

आमच्या घरात आतापर्यंत चार गाड्या घेतल्या, चारही तुमच्याच. बाबांनी दुसऱ्या कंपनीच्या शोरूमची पायरी कधी चढली नाही. फोन दुपारी चारनंतर करा, त्याआधी ते झोपलेले असतात.

तुमचा ग्राहक,
नागपूर