रविवारी विश्रामबाग: घर पाहणी आणि वेताची खुर्ची

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ९ वाजता विश्रामबागेत, १९६० च्या दशकातलं एका सभासदाचं घर पाहायचं आहे. पत्ता शनिवारी कळवू. मोझॅकची फरशी मूळची आहे, त्यामुळे चपला बाहेर. फोटो घरच्यांना विचारूनच.

त्यानंतर अंगणात सागवानी खुर्चीला नवी वेताची जाळी बसवू. ज्यांच्या बैठकीच्या चौकटीला खाच आहे, त्यांनीच खुर्ची आणावी. भोकं असतील तर ती हातविणीची; तिचं काम वेगळं.

येताना:
- जाळी खाचेच्या बाहेर चारही बाजूंनी १ इंच जास्त
- खाचेपेक्षा किंचित अरुंद वेताची पट्टी (जाळी खाचेत दाबून धरणारी), लाकडी पाचरी, हातोडी, फेव्हिकॉल
- खाचेपेक्षा अरुंद पटाशी

जुनी पट्टी घरीच काढून आणा. आधी दोन्ही कडांना कटर फिरवा, नाहीतर पटाशीबरोबर सागाची चिप उडते.

जाळी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवू. ती ताणून बसवू नका. वाळताना वेत आपोआप आवळतो. आधीच ताणलेली जाळी कडेला तुटते. खुर्ची सावलीत वाळवा, दोन दिवस कुणी बसायचं नाही.

पुरात भिजलेली खुर्ची असेल तर आधी पायांचे सांधे हलवून बघा. ढिले सांधे तसेच ठेवून वर नवी जाळी लावणं म्हणजे पैसे वाया.

आणि कृपया, जुन्या सागाला पॉलिशपेपर मारून आणू नका. तो रंग परत येत नाही.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव आणि खुर्चीच्या खालच्या बाजूचा फोटो पाठवावा.