धर्माचा तास आणि पाठांतर

मा. संपादक,

वसईतल्या एका ख्रिस्ती शाळेत मी बरीच वर्षं धर्मशिक्षणाचा तास घेतला, आता रिटायर झालेय म्हणून मोकळेपणाने लिहिते. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिकवणीच्या तासाला, आणि बाकीची मूल्यशिक्षणाला, अशी आमच्याकडे सरळ वाटणी. अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कोणाला धर्मशिक्षणाला बसवायचं नाही असं घटनेचं कलम २८ सांगतं, ते बरोबरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे पाठांतराची. बायबलमधल्या दहा आज्ञा घडाघडा म्हटल्या की झाला तास, मार्कही मिळाले! एकदा मी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट घेतली, पण शोमरोनी म्हणजे कोण हे मुलांना कुठे ठाऊक, मग सांगितलं की यहुदी लोक ज्यांच्याशी व्यवहार ठेवत नसत त्यांच्यातला तो, आणि विचारलं की तुमच्या आळीत असं कोण आहे ज्याच्याकडे घरचे चहासुद्धा घेणार नाहीत? वर्ग चिडीचूप. मग मागच्या बाकावरून एक जण हळूच म्हणाला, "टीचर, माझे काकाच. विहिरीवरून भांडण झालंय." त्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही, बेल झाली तरी पोरं उठेनात.

असा तास घ्यायला तयारी लागते हो. तो शनिवारी शेवटचा, पीटीने दमलेल्या मुलांना, जी टीचर मोकळी असेल तिच्या गळ्यात का मारतात, हे शाळांच्या मॅनेजमेंटने एकदा सांगावं.

– एक निवृत्त शिक्षिका, वसई