सोनूच्या छातीबद्दल, सविस्तर

प्रिय बंड्या,

तुझं पत्र वाचलं आणि 'पोराची प्रतिकारशक्तीच कमी आहे' या वाक्यापाशी थबकलो. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल भेटलो की हवं तेवढं बोल. इकडे सगळे बरे. माझा गुडघा कुरकुरतो, पण चालतंय.

अरे, सोनूची प्रतिकारशक्ती कमी नाही, त्याला अ‍ॅलर्जी आणि दमा आहे. त्याची प्रतिकारशक्ती धुळीतल्या सूक्ष्म किड्यांवर, बुरशीवर विनाकारण तुटून पडते, आणि त्या सुजेचा फायदा विषाणू घेतात. अ‍ॅलर्जीने सुजलेल्या नाकाच्या अस्तरावर आयकॅम-१ नावाचं प्रथिन वाढतं. सर्दीचे अनेक विषाणू (ऱ्हायनोव्हायरस) नेमकं तेच धरून पेशीत शिरतात. शिरल्यावर पेशींनी इंटरफेरॉन नावाची इशारा देणारी प्रथिनं सोडून शेजारच्या पेशींना सावध करायचं असतं. दमा असलेल्या अनेकांत ती कमी आणि उशिरा सुटतात. म्हणून वर्गातल्या इतर पोरांची जी सर्दी नाकातच जिरते, ती याच्या छातीत उतरते. शाळकरी मुलांच्या दम्याच्या दहा अटॅकांपैकी सुमारे आठांमागे विषाणूच सापडतो.

आता अँटिबायोटिकचं. विषाणूवर ते चालत नाही, अ‍ॅलर्जीवर तर नाहीच. शेंबूड हिरवा झाला म्हणून लगेच बाटली उघडू नका, वहिनींनाही सांग. नाक-डोळे खाजणं, सकाळी शिंकांची माळ, पाण्यासारखं नाक आणि ताप नाही, हे अ‍ॅलर्जीचं. ताप आला तर संसर्ग धर, तोही बहुधा विषाणूचा. सायनसमध्ये जिवाणू शिरल्याचा संशय केव्हा घ्यायचा? दहा दिवस उलटूनही सर्दी तसूभर कमी नाही, किंवा बरी होता होता पुन्हा उलटली, किंवा ३९ अंश सेल्सिअसच्या वर ताप आणि पुवासारखा शेंबूड सलग तीन दिवस. लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ सर्द्या होतातच, खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. वर्षात दोनदा न्यूमोनिया, चार किंवा जास्त वेळा कान फुटणं-दुखणं, वजन न वाढणं, असं काही असेल तर मात्र प्रतिकारशक्तीच्या तपासण्या कराव्यातच.

सोनू टीव्हीचा आवाज वाढवतो म्हणालास ना? कान दाखव. नाकामागून कानाकडे जाणारी नळी तुंबली की पडद्यामागे पाणी साचतं. दुखत नाही, पण ऐकू कमी येतं, आणि घरचे म्हणतात पोरगं लक्ष देत नाही.

आता आपलं जुनं भांडण. दम्याचा रोज ओढायचा स्टेरॉइडचा पंप. 'स्टेरॉइडची सवय लागते' हे तुझं पालुपद मी कॉलेजपासून ऐकतोय, तेव्हा ते तुझ्या मामांच्या पंपावरून होतं. सवय लागत नाही. रोजच्या पंपाने पहिल्या वर्षी उंची साधारण अर्धा सेंटिमीटर कमी वाढते, एवढं मी मान्य करतो. पण सोनूला जरा बरं वाटलं की तू तो बंद करतोस, मग सूज परतते आणि पुढची सर्दी थेट छातीत. हा पंप बरं असतानाच घ्यायचा असतो, सूज दबलेली राहावी म्हणून. बंद किंवा कमी करायचं ते डॉक्टर ठरवतील. चिडू नकोस, चिडलास की तुझंच नाक लाल होतं.

पद्धत वहिनींना वाचून दाखव. पंप हलवायचा, स्पेसरला (औषध साठवणाऱ्या प्लास्टिकच्या नळकांड्याला) लावायचा, त्याचा मास्क गालांना घट्ट. एका वेळी एकच दाब, मग पाच-सहा शांत श्वास. दुसरा दाब हवा असेल तर पुन्हा हलवून. दोन दाब एकदम मारले तर औषध एकमेकांवर आदळून स्पेसरच्या भिंतीलाच चिकटतं. रडत घेतलं तर फार थोडं आत जातं. नंतर चूळ, चेहरा पुसणं. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळू द्यायचा. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर विद्युतभार येतो आणि औषध तिथेच अडकतं.

त्याच्या कोपरांच्या खाचेतलं इसबही विसरू नकोस. त्या कातडीची भिंत मुळातच कच्ची, शिवाय अ‍ॅलर्जीची सूज जंतुनाशक प्रथिनं दाबते, म्हणून स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू तिथे ठाण मांडतो. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटं अंघोळ, टिपून कोरडं, आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. तेही भरपूर: सगळ्या अंगाला लावायचं तर मुलाला आठवड्याला पाव किलोपर्यंत लागतं. पिवळी खपली धरली तर दाखव. एकाच मापाचे, टोचून काढल्यासारखे गोल व्रण आणि ताप आला तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. तो हर्पीस विषाणूचा संसर्ग असू शकतो. आणि श्वासाचं: बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणं, वाक्य पुरं न करता येणं, ओठ निळसर होणं, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, लगेच दवाखान्यात न्यायचं. फ्लूची लस दरवर्षी द्या. अंड्याची अ‍ॅलर्जी असली तरी चालते.

नव्या नोकरीचं कळलं, फार आनंद झाला. अण्णांना नमस्कार. सोनू पंप घेतानाचा व्हिडिओ पाठव, आणि यापुढे प्रत्येक सर्दीला तारीख, ताप किती, रात्री खोकून उठला का, एवढं वहीत लिहून ठेव. दोन महिन्यांनी ती वही मला दाखव.

तुझा,
दादू