‘एकच मॅच’ अर्ध्या तासाची

संपादक साहेब,

व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांवर सगळेच घसरतात, मी स्वतः रोज खेळतो म्हणून लिहितोय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गेमिंग डिसऑर्डर, म्हणजे गेम खेळण्यावरचा ताबा सुटण्याचा विकार, आजारांच्या यादीत घेतलं खरं, पण त्यातही ताबा सुटून साधारण १२ महिने घरदार, अभ्यास, काम बिघडलेलं दिसलं तरच आजार धरतात, नुसतं खेळणं म्हणजे आजार नाही. माझा घोळ वेगळाच, ऑनलाइन मॅच पॉज होत नाही आणि आईने हाक मारली की ‘आलो आलो’ करत अर्धा तास जातो. बासरी कपाटावर धूळ खात पडलेली, परवा फुंकली तर सूरच लागेना, लाज वाटली राव. आता आधी कपडे वाळत घालतो, मग बासरी, मग कंट्रोलर. रँक घसरलीय, मित्र शिव्या घालतात, घालू देत.

– एक वाचक