पॅप स्मिअर ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे कर्करोग नव्हे

महोदय,
गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करून घ्या, असे सगळेच सांगतात; ‘पॉझिटिव्ह’ अहवालाचा अर्थ मात्र क्वचितच कोणी समजावतो. पॅप स्मिअर ही चाळणी आहे, निदान नव्हे. गर्भाशयमुखावरून खरवडून घेतलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि मुख्यतः केंद्रक किती मोठे, किती गडद, त्याची कड किती वेडीवाकडी, यावर मत ठरते. अडचण अशी, की केंद्रक मोठे दिसायला कर्करोगच लागतो असे नाही. जंतुसंसर्गाने आलेली सूज, जखम भरताना वेगाने वाढणाऱ्या पेशी, बसवलेली तांबी, यांनीही तसाच भास होऊ शकतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते, गर्भाशयमुखाचे आवरण पातळ होते आणि पेशी अपक्व दिसतात. तिथे तर अनुभवी डोळाही अडखळतो. काचपट्टी अल्कोहोलमध्ये बुडवायला उशीर झाला, तर पेशी वाळून केंद्रके फुगतात. दोष हाताळणीचा, धसका मात्र बाईला!

शिवाय एचपीव्ही या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरू शकणाऱ्या विषाणूमुळे झालेले सौम्य बदल खरे असले, तरी तरुण वयात ते बहुधा वर्ष-दोन वर्षांत आपोआप मावळतात. अहवालात ‘एएससी-यूएस’ लिहिले असेल, तर पेशी अगदी नेहमीसारख्या नाहीत, पण कशामुळे ते सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढे एचपीव्ही चाचणी, काही काळाने पुन्हा स्मिअर किंवा कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुखाची पाहणी) करतात. निदान होते ते गरज पडल्यास गर्भाशयमुखाच्या काढलेल्या छोट्या तुकड्यावरून. एवढी चार वाक्ये अहवालाच्या कागदावरच छापायला प्रयोगशाळांची काय हरकत आहे?

– एक वाचक