टिळक आळीतल्या त्या दादांना

दादा,

तुमचं नाव विचारायचं राहिलं. घरी आल्यापासून त्याची रुखरुख लागलीय, म्हणून हे असं उघड पत्र. रत्नागिरीत टिळकांच्या जन्मघरी एका काठीवाल्या आजोबांना हाताला धरून फिरवलंत, ते माझे अण्णा.

काचबिंदूमुळे त्यांना आता उजेड-अंधार एवढंच कळतं. जन्म मास्तरकीत गेला. हे घर एकदा 'बघायचं' होतं. मागल्या वर्षी एका सहलवाल्याबरोबर आलो होतो. थिबा राजवाड्याला चांगला तासभर, आणि इथे गाडीतूनच "हे टिळकांचं घर" म्हणत पुढे. थांबवा म्हटलं तर म्हणाला, "आजोबांना दिसत नाही, उतरून काय करणार?" गाडीत कुणी हूं की चूं केलं नाही. खरं सांगायचं तर नंतर मीही गप्पच बसले.

तुम्ही त्यांना आत नेलंत, चौकटीवर त्यांचा हात टेकवलात आणि एकेक गोष्ट सांगत राहिलात. 23 जुलै 1856 चा जन्म. वडील गंगाधरपंत शिक्षक. इथे अण्णा ताठ झाले. 1866 मध्ये गंगाधरपंतांची पुण्याला बदली झाली आणि दहा वर्षांच्या बाळचं रत्नागिरी सुटलं, हे ऐकल्यावर म्हणाले, "बदल्यांपायी आमच्या पोरांच्याही तीन शाळा झाल्या."

"कुठे कुठे होतात, गुरुजी?"

निवृत्तीनंतर त्यांना गुरुजी म्हणणारं कुणी उरलं नव्हतं हो. मग काय, करमाळा, माढा, बार्शी... प्रत्येक गावची शाळा, तिथला हेडमास्तर, गळकं छप्पर. टिळक राहिले बाजूला!

बंद करायची वेळ टळून गेली होती. किल्ल्यांचा जुडगा तुमच्या हातात होता आणि तो तुम्ही मुठीत घट्ट आवळून धरला होतात. वाजू नये म्हणून. अण्णांचे कान तिखट आहेत. नुसतं खुळखुळलं असतं तरी "चला, उशीर झाला" म्हणून ते उठले असते. संरक्षित स्मारकाच्या भिंती अन् कौलं जपायला माणसं नेमलेली असतात, पण एका म्हाताऱ्याचं बोलणं अर्ध्यावर तुटू नये एवढं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

आता येईल त्याला अण्णा ते घर सांगतात. चौकट केवढी, आत गारवा कसा. "दादा निवांत होता, त्याला काही घाई नव्हती," हेही.

किल्ल्यांचं मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.