बाबा, यादीतली सहाही शहरं खोडतेय

ती. आई-बाबांना,

सा. न. वि. वि.

बाबा, तुमच्या नाताळातल्या इटलीच्या फेरीचा एक्सेलचा तक्ता मिळाला. रोम, फ्लोरेन्स, पिसा, व्हेनिस, मिलान आणि 'जमल्यास नेपल्स'. प्रत्येक शहरापुढे तारीख, गाडी, बघायची ठिकाणं, अंदाजे खर्च. आणि बोलोन्यापुढे काय, तर 'मुक्काम, आराम'. तक्ता फक्कड झालाय, पण त्यातली ही सहाही शहरं मी खोडतेय. एक नवं घालते, तेही एका दिवसापुरतं. रागावू नका, आधी वाचा.

डिसेंबरात इथे साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि सकाळी पावणेआठपर्यंत नीट उजाडत नाही. सुट्ट्यांत गाड्या खच्चून भरलेल्या असतात, कारण अख्खा देश आपापल्या घरी निघालेला असतो. इथे म्हणतात, नाताळ आपल्या माणसांत, ईस्टर वाटेल त्याच्यासोबत. आईचे गुडघे घेऊन व्हेनिसचे पूल चढा-उतरायचे, रात्री हॉटेल बदलायचं, पुन्हा सकाळी बॅगा भरायच्या, हे कशासाठी? रोम मार्चातही असतं. नाताळातलं बोलोन्या मात्र नाताळातच असतं, आणि तुमची लेक इथे राहते, तेव्हा फायदा घ्या.

तुमच्यासाठी हे शहर का बरं, ते सांगते. इथे रस्त्याच्या कडेने छत असलेल्या कमानींच्या ओसऱ्या आहेत, पोर्तिको म्हणतात त्यांना. सगळ्या मिळून 62 किलोमीटर, त्यातल्या 38 एकट्या जुन्या शहरात. मध्ययुगात विद्यापीठामुळे माणसं वाढली, जागा पुरेना, म्हणून लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली लाकडी खांबांचे टेकू दिले. आपल्याकडे असल्या बांधकामावर नोटीस आली असती. इथल्या नगरपालिकेने 1288 मध्ये उलटाच नियम केला, की नव्या घराला पोर्तिको हवाच, आणि घोडेस्वार खालून जाईल इतका उंच हवा. 2021 मध्ये युनेस्कोनेही त्यावर शिक्का मारला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की पाऊस असो की बर्फ, छत्री न उघडता घरापासून चौकापर्यंत जाता येतं, आणि आईला दर थोड्या अंतरावर टेकायला एखादा कट्टा किंवा पायरी सापडते. फक्त जमिनीकडे लक्ष हवं. बऱ्याच पोर्तिकोंची फरशी गुळगुळीत घोटलेली आहे, ओली झाली की पाय सटकतो. म्हणून आई, ते लग्नात घेतलेले बूट नकोत. खाली रबराची खरखरीत पकड असलेलेच घे, दिसायला कसेही असोत.

मुख्य चौक पियाझ्झा माज्जोरे. तिथे सान पेत्रोनियोचं प्रचंड चर्च आहे, काम 1390 ला सुरू झालं आणि दर्शनी भिंत आजही अर्धीच आहे: खाली संगमरवर, वर उघड्या विटा. बाबा, या चर्चमध्ये एक गोष्ट खास तुमच्यासाठी आहे. आत जमिनीवर 66.8 मीटर लांबीची पितळी रेघ आहे. शनीच्या कड्यांमधल्या फटीला ज्याचं नाव दिलंय, त्या कासिनीने ती 1655 मध्ये आखली. वर 27 मीटरवर छताला एक भोक आहे, आणि बरोबर मध्यान्ही त्यातून आलेला सूर्याचा कवडसा ही रेघ ओलांडतो. उन्हाळ्यात तो लहान आणि गोल, डिसेंबरात सूर्य खाली असल्यामुळे चांगला लांबट पसरतो आणि रेघेच्या अगदी शेवटच्या टोकाला पडतो. 21 डिसेंबरच्या आसपास तो मकर राशीच्या खुणेवर असतो. आपली मकरसंक्रांत 14 जानेवारीला का, हे तुम्ही नववीच्या वर्गाला शिकवायचात, आता तिथे उभं राहून आईला शिकवा. वेळ मात्र बारा नाही, घड्याळात साधारण 12 वाजून 13 मिनिटं. पंधरा मिनिटं आधी जाऊ. धुकं असेल तर काहीच दिसणार नाही, आणि इथे धुकं पुष्कळ असतं, म्हणून हे एका ठरावीक तारखेला लिहून ठेवू नका. उठल्यावर आकाश बघायचं, निळं दिसलं की निघायचं.

त्याच चौकाला लागून पोदेस्ताच्या राजवाड्याखाली एक कमानदार बोळ आहे. चार कोपऱ्यांना चार खांब. तुम्ही एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहा, आई समोरच्या तिरक्या कोपऱ्यात. हळू बोललेलं मधल्या गर्दीवरून पलीकडे स्पष्ट ऐकू येतं. आई, बाबांना ऐकू येत नाही म्हणून तू जे जोरात बोलतेस, ते तिथे नको, अख्ख्या चौकाला कळेल.

दोन मनोरे फोटोत असतात, ते लांबूनच बघायचे. वाकडा गारिझेंदा 2023 च्या ऑक्टोबरपासून धोक्याचा ठरला आहे, सावरण्याचं काम चालू आहे, म्हणून शेजारचा आझिनेल्लीही बंद. हळहळू नका, वर जायला 498 लाकडी पायऱ्या होत्या.

आता नाताळचं. स्त्रादा माज्जोरे रस्त्यावर सेर्व्ही चर्चच्या पोर्तिकोखाली सांता लुचियाची जत्रा भरते. दोनशेहून जास्त वर्षं ती तिथेच भरते आणि नाताळ झाला की उठते, म्हणून तुम्ही आलात की पहिल्या दोन दिवसांतच जाऊ. विजेच्या माळा नि फालतू टोप्याही असतात, त्या सोडून सरळ मातीच्या मूर्तींच्या दुकानांकडे जायचं. येशूच्या जन्माचा देखावा इथे घरोघर मांडतात, त्याला प्रेसेपे म्हणतात. दिवाळीत आम्ही अंगणात किल्ला करायचो आणि गणपती पेठेतून मावळे, गवळण, विहिरीवरची बाई आणायचो, तसंच हे. बाळ, मरिया, योसेफ, मेंढपाळ हे सगळीकडे असतात. पण बोलोन्याच्या देखाव्यात आणखी दोघं लागतात: हात वर करून चकित झालेली एक बाई आणि एवढं सगळं घडत असताना ढाराढूर झोपलेला एक माणूस. मी मागच्या वर्षी झोपाळू घेतला. त्याची टोपी डोळ्यांवर आलीय, तोंड अर्धवट उघडं, आणि मूर्तिकाराने खालच्या ओठाला रंगाचा एक ओला ठिपका दिलाय, लाळ गळतेय असं वाटतं. बाबा, नाव घेत नाही, पण दुपारच्या बातम्या चालू असताना आपल्या घरातही एक असा असतो. चकित बाई मी आईसाठी ठेवली आहे, तिने स्वतः निवडायची.

जत्रेला जाताना वाटेत काझा इझोलानी लागते. तेराव्या शतकातले नऊ मीटर उंच ओकचे खांब अजून घर पेलताहेत. आणि जवळच सांतो स्तेफानोला एकात एक गुंतलेली जुनी चर्चं आहेत. तिथला लाकडी देखावा तेराव्या शतकाच्या शेवटचा, पूर्ण पुतळ्यांचा जगातला सगळ्यात जुना मानतात. तिथे गर्दी नसते. मला या शहरात सगळ्यात आवडती जागा कुठली विचाराल तर हीच, नेपच्यूनचं कारंजं नव्हे.

खाण्याचं नीट समजून घ्या, इथेच गडबड होते. इथल्या नाताळच्या जेवणाचा राजा म्हणजे कोंबड्याच्या रश्श्यातले तोर्तेल्लिनी, म्हणजे सारण भरलेला बारका पास्ता. आत डुकराचं मांस, हॅम, मोर्तादेल्ला, चीज, अंडं, जायफळ. 1974 मध्ये ही कृती चक्क वाणिज्य मंडळाच्या दप्तरी नोंदवली आहे. आईला अर्थातच चालणार नाही. त्याच दुकानात तोर्तेल्लोनी मिळतात, आकाराने मोठे, आत रिकोता चीज आणि हिरवा पाला, वर लोणी आणि सेजची पानं. ते आईचे. अंडं पिठात असतं, ते आई केकमध्ये खाते तेवढंच. पण पियादिना नावाची जी पोळी 'व्हेज' म्हणून देतात, तिच्या कणकेत बहुतेकदा डुकराची चरबी असते. इथल्या लोकांच्या लेखी ते मांस नव्हेच. मी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. पार्मेझान चीजमध्येही वासराच्या पोटातलं रेनेट असतं. हे सांगितलं नाही असं नको व्हायला, आई, ठरव तू.

क्वाद्रिलातेरो या जुन्या बाजाराच्या गल्ल्यांत मात्र नुसतं फिरायलाही मजा येते. काचेमागे बायका हातभर लांब लाटण्याने कणीक लाटत असतात. पोळी इतकी पातळ की खालचा लाकडी पाट दिसतो, आणि मग ती गुंडाळून सुरीने टकटक टकटक कापतात. त्या ताल्यातेल्लेची रुंदी शिजल्यावर आठ मिलिमीटर हवी, म्हणजे आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270वा भाग. हे पण दप्तरी नोंदलेलं आहे. बाबा, तुम्ही पट्टी घेऊन जेवायला बसणार हे मला माहीत आहे. 23 आणि 24 तारखेला या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मी आपली ऑर्डर आधीच देऊन ठेवते.

कॉफी उभ्याने प्यायची, टेबलाशी बसलं की बिल वाढतं. आईला बसायचं असेल तर बसू, पैशाचा विचार करायचा नाही. मेनूखाली 'कोपेर्तो' लिहिलेलं असतं, ते माणशी बसण्याचे पैसे, फसवणूक नव्हे. दुपारी अडीचनंतर आणि संध्याकाळी साडेसातच्या आत बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद, म्हणून पर्समध्ये चिवडा ठेवायचाच.

25 तारखेला शहर बंद असतं. बस मोजक्या, दुकानं नाहीत. 26 ला पण सुट्टी. तेव्हा घरीच जेवू, मी वरण-भात आणि तोर्तेल्लोनी असा अशास्त्रीय बेत करणार आहे. चारनंतर सगळं गाव नटूनथटून पोर्तिकोंखाली फेऱ्या मारायला बाहेर पडतं, त्यात आपणही. शनिवार-रविवारी आणि सुट्टीला मधले मोठे रस्ते गाड्यांना बंद असतात, भर रस्त्यातून चालता येतं. ट्रामच्या कामासाठी काही रस्ते खणलेत, त्यावर बाबा टीका करतीलच.

31 ला मध्यरात्री चौकात 'वेक्कियोने' जाळतात, सरत्या वर्षाचा म्हातारा. गोव्यात मावशीकडे असताना आपण पोरांनी रस्त्यात जाळलेला म्हातारा बघितला होता ना, तोच प्रकार, फक्त इथे तो दरवर्षी एखादा कलाकार करतो आणि चांगला मोठा असतो. बाबांना हौस असेल तर मी नेईन, आई घरी थांबली तर उत्तम, गर्दी फार असते. त्या रात्री मसूर खायचा, जितका खाल तितका पैसा येतो म्हणतात. डुकराच्या सॉसेजसोबत खातात, आपण आईच्या हातची आमटी करू. आणि दुकानांच्या काचेत त्या आठवड्यात लालभडक अंतर्वस्त्रं टांगलेली दिसतील. नव्या वर्षी लाल घालणं शुभ असतं इथे. बाबा, तुम्ही फोटो काढू नका.

सान लुकाच्या टेकडीवर 666 कमानींचा एकच लांबलचक पोर्तिको जातो. मेलोंचेल्लोच्या कमानीपर्यंत सपाट, पुढे चांगलाच चढ. चौकातून एक छोटी पर्यटक गाडी वर जाते, आई तिने. बाबांनी कमानीपर्यंत चालावं आणि मग स्वतःच्या छातीला विचारून ठरवावं, मला नव्हे.

नवं घातलेलं ते एक शहर म्हणजे रावेन्ना, जे तुमच्या यादीत नव्हतंच. साध्या गाडीने तासाभराहून थोडं जास्त. पंधराशे वर्षांपूर्वीची मोझाइक आहेत, गाल्ला प्लाचिदियाच्या समाधीत निळ्या छतावर सोनेरी तारे. सगळं सपाटीवर, गर्दी कमी. फ्लोरेन्सही वेगवान गाडीने पाऊणेक तासावर आहे, पण तिथल्या उफिझी कलासंग्रहालयाच्या रांगेत आईला उभं करायची माझी तयारी नाही. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, नाहीतर दंड. आणि बाबा, स्टेशनबाहेर एक घड्याळ 10:25 ला थांबलेलं दिसेल. ते बिघडलेलं नाही. 2 ऑगस्ट 1980 ला तिथे बॉम्बस्फोट झाला, 85 माणसं गेली, त्या आठवणीसाठी ते त्या वेळेवर थांबवून ठेवलंय. मनगटावरचं घड्याळ त्यावर लावू नका.

कामाचं थोडं. तुम्ही आल्यावर 48 तासांच्या आत पाहुणे आल्याचं मला पोलिसांना कळवावं लागतं, नुसता कागद आहे, घाबरू नका. विम्याचं पत्र हातातल्या बॅगेत ठेवा. गोळ्या पूर्ण मुदतीच्या आणा, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी. सुट्टीतही एखादं औषधाचं दुकान पाळीने उघडं असतं, पण तुमची कंपनी तिथे मिळेल असं नाही. आणि ज्याची चौकशी आई फोनवर आडून आडून करत होती, त्याचं उत्तर: घरी बिडे आहे. 1975 पासून इथे घरोघरी कायद्यानेच असतं. बाहेर कॅफेत मात्र नसतं.

खाऊ आणताना तूप, पेढे, बर्फी, श्रीखंड काहीही नको, युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणू देत नाहीत, विमानतळावर काढून टाकतात. कढीपत्ता आणि ताजी भाजीही नाही. नारळ चालतो म्हणे, पण आई, कृपा करून नारळ आणू नकोस. गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ, चिवडा, लसणाची चटणी आण. लसूण चटणीच्या पुडीला दोन प्लास्टिकच्या पिशव्या घाल, बाबांचा लोकरी कोट त्याच बॅगेत आहे.

तुमची,
मनू

ता. क. – बाबा, थर्मल दोन जोड घ्या, सांगलीतले स्वेटर पुरणार नाहीत. मफलर इथे घेऊ, ती खुमखुमी जत्रेत भागवा.